चौथ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या हॅलवर गावात कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'नको नको, उगाच कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं आणि मग दोन कप भरून प्यायचे. तिसऱ्यांदाही नको म्हणालात तर मात्र ते खरं नको. चौथ्यांदा कुणी विचारत नाही. चौथ्यांदा विचारणं म्हणजे 'तू खोटं बोलतोयस' असं समोरच्याला तोंडावर सांगणं, आणि मिनेसोटाच्या या भागात तोंडावर कुणी कुणाला काही सांगत नाही. त्यासाठी पाठ असते.

मी मूळची शिकागोची. नॉर्मनशी लग्न करून इथे आले त्याच दिवशी सासूने कॉफी विचारली आणि मी पहिल्याच फटक्याला 'हो, द्या की' म्हणाले. त्याला चाळीसएक वर्षं होऊन गेली. सासू गेली, नॉर्मनही गेला, मी या गावची शाळेची बस निवृत्त होईपर्यंत चालवली, तरी अजून मी 'ती शिकागोची कॉनी'च आहे.

या गावात सगळ्यांत सभ्य माणूस कोण, असं विचारलंत तर माझ्या शेजाऱ्याचं नाव सांगतील. व्हर्लिन हॉगन. उंच, वाकलेला, बोलताना बुटांकडे बघणारा. गावात शेवटची वडी कुणी उचलत नाही. ताटात एक उरली की कुणीतरी तिचे दोन तुकडे करतं, मग उरलेल्या तुकड्याचे दोन, आणि शेवटी नखाएवढा चुरा ताटात वाळत पडतो. व्हर्लिन त्या चुऱ्याचेही दोन भाग करायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती सगळ्या सद्गुणांची आई आहे.

लग्नसुद्धा त्याने असंच केलं. म्हणजे केलं आर्डिसने. चर्चच्या तळघरात भांडी पुसता पुसता तिने त्याला विचारलं, "व्हर्लिन, आपण लग्न करायचं का?" तो म्हणाला, "नको, तुला माझ्यापेक्षा चांगला मिळेल." तिने पुढची बशी पुसली आणि परत विचारलं. तो म्हणाला, "उगाच तुझे काही बेत असतील, माझ्यासाठी कशाला मोडतेस." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बुटांकडे बघत म्हणाला, "तुला त्रास नसेल तर." हा प्रसंग आर्डिस गावातल्या प्रत्येक लग्नात सांगायची आणि बायका डोळे पुसायच्या.

व्हर्लिन जिल्ह्याची बर्फ सारणारी गाडी चालवायचा. हिवाळ्यात पहाटे कचेरीतून फोन यायचा, अमुक रस्ता घे, की हा निघाला. रस्ता दुसऱ्याने ठरवलेला, पातं किती खाली घ्यायचं ते आकाशाने ठरवलेलं. त्या गाडीत बसलेला व्हर्लिन मी पाहिला आहे. ताठ बसायचा, शीळ घालायचा. माझी बस त्याच्या मागून निघाली की मला रस्त्याची काळजी नसे. आता वाटतं, त्या गाडीतून उतरून घराच्या दारापर्यंत येतानाच तो वाकत असावा.

मग तो निवृत्त झाला. गावाने केक कापला, भाषणं झाली. चर्चच्या पास्टरबाई म्हणाल्या, "आता काय, व्हर्लिन! आता सारा दिवस तुझा!" व्हर्लिनचा चेहरा एकदम उतरला. लोकांना वाटलं, गहिवरला.

सारा दिवस त्याचा झाला आणि तो दिवस काही त्याला पेलेना. मी एकदा दुकानात दूध आणायला गेले तर हा नाश्त्याच्या खोक्यांसमोर उभा. हातात एक खोकं, नजर दुसऱ्यावर. मी दूध घेतलं, पाव घेतला, दुकानदाराशी माझ्या गुडघ्याबद्दल बोलले, परत आले तरी हा तिथेच. मला बघून बाजूला झाला. "घे घे, तू घे आधी," म्हणाला. मला खोकं नको होतं. त्यालाही कुठलं हवं होतं ते कळत नव्हतं. शेवटी दोन्ही जागेवर ठेवून रिकाम्या हाताने घरी गेला. दुकानदार मला म्हणाला, "किती साधा माणूस! शेवटचं खोकं दुसऱ्या कुणाला तरी राहू दे म्हणून ठेवून गेला." मागे तशाच खोक्यांची भिंत उभी होती.

गावात एकच मोठा चौक आहे. चारही बाजूंना थांबायच्या पाट्या, आधी आला तो आधी जातो. व्हर्लिन तिथे गाडी थांबवायचा आणि हाताने सगळ्यांना 'तुम्ही व्हा पुढे' करायचा. आमच्याकडे हे सगळेच करतात, त्यामुळे चार गाड्या एकदम आल्या की पाचवा येईपर्यंत कुणी हलत नाही. पण व्हर्लिन चौक रिकामा असला तरी थांबायचा. डावीकडे वळायचं की सरळ जायचं हे त्याचं ठरत नसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. लोक मात्र मागे गाडी उभी करून कौतुकाने बघायचे. हॉर्न कोण वाजवणार? मी वाजवायची. मी शिकागोची.

त्याच वर्षी चर्चच्या मंडळाने त्याला अध्यक्ष केलं. कारण सरळ होतं. दहा बैठकांत त्याने कुणालाही विरोध केला नव्हता. विरोध करायला आधी मत लागतं, आणि मत बनवायला काय यातना होतात हे त्या माणसालाच माहीत. पण गावाला केवढा आनंद! उन्हाळ्याच्या जत्रेत त्याला 'यंदाचा सज्जन' म्हणून उघड्या गाडीत बसवलं. गाडी रस्त्याने निघाली, दोन्ही बाजूंना माणसं, आणि याला कुठल्या बाजूला हात हलवावा ते कळेना. मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच, "बघितलंस? जरासुद्धा मिरवला नाही!"

माणूस आतून ढासळत होता आणि गाव एकेका विटेला टाळ्या वाजवत होतं. आज आठवलं की मला या लोकांचा संताप येतो, आणि हीच माणसं नॉर्मन गेला तेव्हा महिनाभर माझ्या दारात जेवण ठेवून बेल न वाजवता जात होती हेही आठवतं. त्यामुळे संताप धड पुरताही येत नाही.

शरद ऋतूत आर्डिस माझ्या स्वयंपाकघरात आली. कॉफीचं तीनदा झालं. मग ती म्हणाली, "व्हर्लिन जरा वेगळा आहे."

'वेगळा' हा आमच्याकडचा सगळ्यांत वाईट शब्द. घराला आग लागली तरी लोक 'जरा उकडतंय' म्हणतात. मी कप खाली ठेवला.

"वेगळा म्हणजे?"

"कपाटासमोर उभा राहतो. निळा शर्ट की करडा. मी काढून ठेवला तर घालतो. नाही तर अंघोळ करून तसाच पलंगावर बसून असतो. जेवायला काय करू विचारलं की घामाघूम होतो, कॉनी. म्हणून मी विचारणंच सोडलं. आता तो जेवणंच सोडतोय."

"डॉक्टरकडे ने."

"नेलं ना. त्यांनी विचारलं, मन उदास असतं का, झोप लागते का. तो म्हणाला, तक्रार नाही."

"मग?"

"मग काय. त्यांनी रक्तदाब बघितला आणि थंडीत टोपी घाला म्हणाले."

डॉक्टर टेक्सासहून नवीनच आलेला, पोरगेलासा, भला. पण त्याच्या गावी हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्याने एकदा विचारलं आणि मिळालेलं उत्तर खरं मानलं.

मी म्हटलं, थांब, मीच बघते. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी व्हर्लिनला गाठलं आणि शिकागोच्या पद्धतीने सरळ तोफ डागली. "व्हर्लिन, तुला काय झालंय?" तो एक पाऊल मागे सरकला. "मला? छे. तुझा गुडघा कसा आहे?" आणि मी अर्धा तास गुडघ्याबद्दल बोलले. घरात आल्यावर लक्षात आलं, आपली तोफ आपल्याच अंगणात फुटली.

हिवाळा आला, तळं गोठलं, आणि सगळ्यांनी आपापल्या मासे धरायच्या टपऱ्या ओढत बर्फावर नेल्या. व्हर्लिनची टपरी लहानशी, हिरवी. आत एक बाकडं, एक शेगडी, जमिनीला एक भोक, खालचा बर्फ फोडून थेट पाण्यापर्यंत गेलेलं. तो सकाळी जायचा तो अंधार पडेपर्यंत तिथेच. आर्डिसला जरा बरं वाटलं, निदान घराबाहेर तरी पडतोय. मासा मात्र एकही घरी आला नाही. पुढे खूप दिवसांनी त्यानेच मला सांगितलं, "टपरीत एकच भोक असतं, कॉनी. गळ कुठे टाकायचा हा प्रश्नच नाही. घरात प्रत्येक गोष्टीला दोन दारं दिसायची, आणि मला वाटायचं, मी ज्यातून जाईन त्याच्यामागे कुणाचं तरी वाईट होणार."

मार्चमध्ये टपऱ्या काढून न्यायची सरकारी तारीख असते. त्या आठवड्यात काठावर गाड्यांची रांग लागते. व्हर्लिनही गाडी घेऊन रांगेत आला आणि हात हलवायला लागला. तुम्ही व्हा पुढे. खताच्या दुकानाच्या ड्वेनची टपरी गेली, पास्टरबाईंची गेली, सगळ्यांची गेली. तारीख गेली. तळ्याच्या मधोमध एकटी हिरवी टपरी राहिली आणि व्हर्लिन रोज चालत तिच्यात जाऊन बसायला लागला.

उबारा आला. काठाचा बर्फ काळा पडला, कडेला पाणी दिसायला लागलं. गावात चर्चा सुरू झाली. "सगळ्यांना आधी जाऊ दिलं बघ. असा माणूस मिळणार नाही." ड्वेन काळजीने तिथवर गेलासुद्धा. परत आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"म्हटलं टपरी ओढायला मदत करू का. नको म्हणाला."

"मग?"

"परत विचारलं. नको म्हणाला. तिसऱ्यांदाही विचारलं, कॉनी. तिसऱ्यांदाही नको." ड्वेनने हात पसरले. "आता त्याला खरंच नको असेल तर आपण काय करणार?"

"अरे, बर्फ फुटायला आलाय!"

"हो ना," ड्वेन म्हणाला. "म्हणून तर तीनदा विचारलं."

रविवारी चर्च सुटल्यावर आर्डिस माझ्या दारात उभी. अंगावर चर्चचा कोट, पायात चर्चचे बूट.

"तू कामात असशील."

"नाही."

"म्हणजे उगाच तुला जेवायच्या वेळी..."

"आर्डिस, गाडीत बस!"

काठावर पोहोचलो. कुणीतरी काठापासून पक्क्या बर्फापर्यंत फळी टाकली होती. आर्डिस बुटांसकट फळीवर चढली. मी मागे. फळी ओलांडल्यावर पायाखाली बर्फ होता, पण त्यावर बोटभर पाणी, आणि चालताना खालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. मला भीती वाटत होती. टपरीपासून थोड्या अंतरावर आर्डिसने मला थांबवलं. दोघींचं वजन एका जागी नको म्हणाली. खरं तर तिला मी तोंड उघडलेलं नको होतं.

टपरीचं दार उघडं होतं. आत व्हर्लिन बाकड्यावर, हातात गळ. शेगडी विझलेली.

"व्हर्लिन, घरी यायचं का?"

"नको, तू हो पुढे. मी जरा बसतो."

"जेवण तयार आहे. ये ना."

"माझ्यासाठी कशाला खोळंबतेस. थंड होईल."

आर्डिसने कोटाची गुंडी लावली, परत सोडली. "व्हर्लिन, येतोस का?"

"नको, आर्डिस."

या वेळी पुढे काही नव्हतं. निमित्त नाही, त्रासाची भाषा नाही. आर्डिस वळली आणि माझ्याकडे आली. चेहरा कागदासारखा.

"तीनदा विचारलं," ती म्हणाली.

मी टपरीकडे दोन पावलं टाकली आणि थांबले. ओरडले असते तर तो आणखी आत सरकला असता, कुंपणापाशी सरकला होता तसा. आर्डिस माझ्या बाजूने पुढे गेली, काठाच्या दिशेने आठदहा पावलं चालली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला कुठेतरी बर्फ तडकला आणि तो आवाज आमच्या पायाखालून गेला. ती थांबली.

"लग्नाचं विचारलं तेव्हा तो तिसऱ्यांदा हो म्हणाला," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "कॉनी, तेव्हाही नको म्हणाला असता तर मी चौथ्यांदा विचारलं असतं का?"

आर्डिसने स्वतःच मान हलवली.

"नसतं विचारलं. बरं दिसत नाही म्हणून नसतं विचारलं. आणि हा माणूस मला मिळाला नसता."

ती परत फिरली. चर्चच्या बुटांनी पाणी उडवत टपरीच्या दारापाशी गेली आणि, हॅलवर गावात कुणी कधी ऐकला नसेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, "व्हर्लिन, मी चौथ्यांदा विचारतेय. हे बरं दिसत नाही ते मला माहीत आहे. घरी येतोस का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खांदे हलायला लागले. माझ्या बुटांत पाणी शिरलं होतं. शेवटी त्याने गळ खाली ठेवला.

"तुला त्रास नसेल तर," तो म्हणाला.

तिघंही एकेक करून फळीवरून आलो. फळीपाशी तो थांबला आणि हाताने 'तुम्ही व्हा पुढे' करायला लागला. आर्डिसने तो हात धरला आणि त्याला आधी ढकललं.

पुढच्याच आठवड्यात टपरी तळ्यात गेली. तळ्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी वॉर्डनने दंड ठोठावला, तोही माफी मागून. आर्डिस नवऱ्याला परत डॉक्टरकडे घेऊन गेली, गाडी मी चालवली. सगळं ऐकून तो पोरगेला डॉक्टर घाबराघुबरा झाला. "पण मी विचारलं होतं! तुम्ही तक्रार नाही म्हणालात!"

आर्डिस शांतपणे म्हणाली, "तुम्ही एकदाच विचारलंत."

हा आजार आहे, याला औषध आहे, बोलून बरं वाटतं, हे सगळं त्याने नीट समजावलं. मग म्हणाला, "गोळी सकाळी घेणार की रात्री?" व्हर्लिनच्या कपाळावर घाम फुटला. आर्डिसने टेबलाखालून डॉक्टरला बुटाचं टोक मारलं. "सकाळी," डॉक्टर म्हणाला. शिकला बिचारा. परवा ड्वेनचा हात मोडला तेव्हा त्याने दुखतंय का हे तीनदा विचारलं म्हणे. तिसऱ्यांदा ड्वेन म्हणाला, "थोडंसं."

व्हर्लिनला बरं व्हायला वेळ लागला. आधी शर्ट जमला, मग नाश्ता. जत्रेच्या सुमारास एक दिवस चौकात तो माझ्या आधी आला होता आणि माझ्या आधी गेला. मी गाडी तिथेच उभी करून रडले. मागच्याने हॉर्न वाजवला नाही, अर्थात.

पण गावाचं काही बरं झालं नाही. शरदात चर्चच्या मंडळापुढे गालिच्याचा विषय आला. सगळ्यांचं हिरवा म्हणून ठरत आलेलं. अध्यक्षमहाशय व्हर्लिन म्हणाले, "मला हिरवा आवडत नाही." इतकंच. पास्टरबाईंनी घाईघाईने प्रार्थनाच सुरू केली. पुढच्या निवडणुकीत ड्वेन अध्यक्ष झाला. लोक हळू आवाजात म्हणायला लागले, औषधं वाईट, माणूस बिघडवतात. यंदाचा सज्जन कोण, यावर पुढच्या जत्रेत चर्चा झाली तेव्हा त्याचं नाव निघताच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी होती. आर्डिसने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. ताटात एक राहिली. ड्वेनची बायको सुरी घेऊन पुढे झालीच होती, इतक्यात व्हर्लिन आला, त्याने ती अख्खी वडी उचलली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. बोटंही चाटली.

ड्वेनची बायको सुरी हातात तशीच धरून माझ्या कानाशी आली. "बिचारी आर्डिस," ती म्हणाली. "किती चांगला होता गं व्हर्लिन."

आर्डिस किटली घेऊन नवऱ्यासमोर उभी होती. "व्हर्लिन, कॉफी?"

"हो," तो म्हणाला.

आर्डिस ओतता ओतता त्याच्याकडेच बघत राहिली आणि निम्मी कॉफी टेबलावर सांडली आणि कडेवरून खाली गळायला लागली. सगळ्यांच्या हातात कागदी रुमाल होते, आणि सगळे एकमेकांना 'तुम्ही व्हा पुढे' करत उभे होते.